देश कार्यालयाचा प्रमुख नेमके काय करतो?

गोव्याची गणना देशातील सर्वाधिक दरडोई उत्पन्नाच्या राज्यांत होते, त्यामुळे परदेशातून निधी उभारून खेड्यांत काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची पावले सहसा आपल्याकडे वळत नाहीत. त्यांची कार्यक्षेत्रे ओडिशा, झारखंड, बिहार किंवा मराठवाडा अशा भागांत असतात. तरीही समाजकार्य, ग्रामीण व्यवस्थापन किंवा कृषी शिकलेले आपले तरुण या संस्थांत नोकरी शोधतात. त्यांच्या बोलण्यात ‘कंट्री ऑफिस’ (देश कार्यालय) आणि ‘कंट्री डायरेक्टर’ (त्याचा प्रमुख) हे शब्द वारंवार येतात, मात्र त्या खुर्चीवरच्या माणसाचा दिवस कशात जातो याविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही. या लेखात ते काम उलगडून सांगण्याचा प्रयत्न केला आहे, आणि त्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या खाजन शेतीचे उदाहरण घेतले आहे.

आधी रचना पाहू. अशा संस्थेचे मुख्यालय लंडन, जिनिव्हा, वॉशिंग्टन किंवा नैरोबी अशा एखाद्या शहरात असते. तिला पैसा देणारे तीन प्रकारचे असतात: श्रीमंत देशांची सरकारे, मोठी प्रतिष्ठाने आणि दरमहा थोडी रक्कम पाठवणारे सामान्य नागरिक. हा पैसा ज्या देशात खर्च व्हायचा असतो तिथे एक देश कार्यालय असते, त्याच्या हाताखाली जिल्ह्यांतील क्षेत्रीय कार्यालये असतात, आणि प्रत्यक्ष गावात बहुतेक वेळा स्थानिक संस्था काम करतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे देश कार्यालय सर्वत्र सारखे नसते. नेपाळमध्ये परदेशी संस्थेला तेथील समाज कल्याण परिषदेशी करार करावा लागतो आणि काम स्थानिक संस्थांमार्फत करावे लागते. बांगलादेशात 1990 पासून यासाठी एक स्वतंत्र सरकारी ब्युरो असून परदेशी निधीवरील प्रकल्पाला त्याची मंजुरी घ्यावी लागते. भारतात अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांचे देश कार्यालय म्हणजे 1860 च्या कायद्याखालील सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील कंपनी म्हणून नोंदलेली स्वतंत्र भारतीय संस्था असते. तिला स्वतःचे नियामक मंडळ असते आणि कायदा त्या मंडळालाच जबाबदार धरतो. म्हणजे प्रमुखाला एका बाजूला परदेशातील मुख्यालयाला आणि दुसऱ्या बाजूला इथल्या मंडळाला उत्तरे द्यावी लागतात, आणि या दोघांचे मत नेहमी जुळतेच असे नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हे पद निधी आणण्याचे, परिषदांत भाषणे करण्याचे आणि मंत्र्यांना भेटण्याचे वाटते. तेही करावे लागतेच. पण माझ्या मते प्रमुखाची खरी पारख करारावर सही होण्याआधीच्या दिवसांत होते. देणगीदाराच्या कोणत्या अटी गावाला झेपतील, कोणत्या बदलून घ्यायला हव्यात आणि कोणता पैसा नम्रपणे परत पाठवायला हवा, याचा निर्णय त्या दिवसांत होतो. एकदा सही झाली की चुकीच्या अटीचा भार गावातल्या कार्यकर्त्यावर आणि शेवटी शेतकऱ्यावर पडतो.

या अटी समजण्यासाठी निधीचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. पहिला बांधील निधी: तो ठराविक प्रकल्पासाठी, ठराविक जिल्ह्यात आणि ठराविक मुदतीतच खर्च करता येतो. दुसरा मुक्त निधी: तो संस्थेला आपल्या विवेकानुसार वापरता येतो. सरकारे आणि प्रतिष्ठाने यांच्याकडून येणारा बहुतांश पैसा पहिल्या प्रकारचा असतो. कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार, लेखापरीक्षण, संगणक आणि नवे प्रस्ताव लिहिण्यात गेलेला वेळ हे सारे खर्च कोणत्याही एका प्रकल्पाचे नसतात, पण त्यांच्याविना एकही प्रकल्प चालत नाही. देणगीदार त्यासाठी ठराविक टक्केवारी देतो. अमेरिकी संघीय सरकारच्या अनुदानांत, स्वतंत्रपणे दर ठरवून न घेतलेल्या संस्थेला, ही टक्केवारी अनेक वर्षे 10 होती आणि ऑक्टोबर 2024 पासून ती 15 झाली. काही देणगीदार याहून कमी देतात, काही अजिबात देत नाहीत. असे तीन-चार प्रकल्प एकदम घेतले तर कार्यालय कागदोपत्री मोठे होते आणि आतून पोखरले जाते, कारण प्रत्येक नव्या प्रकल्पाबरोबर न भरून निघणारा खर्चही येत असतो. म्हणून ‘इतका मोठा निधी मिळत असताना नको का म्हणता?’ या मंडळाच्या प्रश्नाला आकड्यांनिशी उत्तर देणे हे प्रमुखाचे काम आहे.

चलनाच्या दराचाही असाच फटका बसतो. समजा, युरोपातील एका प्रतिष्ठानाने तीन वर्षांसाठी 3 लाख युरो मंजूर केले आणि अंदाजपत्रक एका युरोला 90 रुपये धरून केले, तर ती रक्कम 2 कोटी 70 लाख रुपये होते. प्रत्यक्षात दर 85 मिळाला तर हातात 2 कोटी 55 लाखच पडतात. 15 लाखांची ही तूट कोणाच्याही चुकीने झालेली नसते, पण ती कुठून तरी भरावी लागते. ती गावातील कामातून कापली जाऊ नये यासाठी करारातच तशी तरतूद करून घेणे किंवा अंदाजपत्रकात दर सावधपणे धरणे एवढाच उपाय असतो. आर्थिक वर्षेही वेगवेगळी असतात: आपले एप्रिलपासून, अमेरिकी सरकारचे ऑक्टोबरपासून, तर अनेक संस्थांचे जानेवारीपासून सुरू होते. एकाच खर्चाचा हिशेब तीन चौकटींत मांडण्यात लेखा विभागाचे आठवडे जातात.

भारतात या सगळ्यावर एका कायद्याची कडक चौकट आहे. विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, ज्याला सर्वजण एफसीआरए म्हणून ओळखतात, पहिल्यांदा 1976 मध्ये आला. आजचा कायदा 2010 चा असून तो मे 2011 पासून लागू झाला आणि सप्टेंबर 2020 मध्ये त्यात मोठे बदल झाले. त्याची अंमलबजावणी केंद्रीय गृह मंत्रालय करते. परदेशी निधी घेण्यासाठी नोंदणी लागते, ती पाच वर्षांसाठी असते आणि नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. सर्व परदेशी निधी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो. संस्थेचे कार्यालय पणजीत असो वा गडचिरोलीत, पैशाचा पहिला मुक्काम दिल्लीतच असतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी 50 टक्के होती, 2020 मध्ये ती 20 टक्क्यांवर आली. वर्षाला 3 कोटी रुपये वापरणाऱ्या संस्थेला भाडे, हिशेब, कायदेशीर सल्ला, अहवाललेखन आणि व्यवस्थापनातील लोकांचे पगार हे सगळे 60 लाखांच्या आत बसवावे लागते. वार्षिक विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यानंतर नऊ महिन्यांत, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत भरावे लागते.

या बदलांपैकी सर्वांत खोल परिणाम करणारी तरतूद वेगळीच आहे. परदेशी निधी घेतलेल्या संस्थेला तो आता दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे सुपूर्द करता येत नाही, मग त्या संस्थेची स्वतःची नोंदणी असली तरीही. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. पूर्वीची पद्धत अशी होती की देश कार्यालयाने मोठा निधी आणावा, त्याचे लहान भाग करून गावपातळीवरील संस्थांना द्यावेत, आणि त्यांना हिशेब ठेवायला शिकवावे. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणाऱ्या आणि इंग्रजीत प्रस्ताव लिहिणे न जमणाऱ्या संस्थांसाठी परदेशी निधीकडे जाणारी ती जवळजवळ एकमेव वाट होती, आणि ती बंद झाली. त्यामुळे भारतातील देश कार्यालयापुढे दोन पर्याय उरतात: स्वतःची माणसे नेमून गावात थेट काम करणे, किंवा स्थानिक संस्थेला तिची स्वतःची नोंदणी व्हावी आणि निधी थेट मिळावा यासाठी मदत करणे. पहिला मार्ग झटपट आहे. दुसऱ्याला वर्षे लागतात आणि त्यासाठी पैसे द्यायला फारसे कोणी तयार नसते. प्रमुखाने या दोहोंपैकी काय निवडले यावरून त्या कार्यालयाचा स्वभाव कळतो, असे मला वाटते.

आता खाजनाकडे येऊ. मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांच्या काठच्या खाऱ्या दलदलीवर मातीचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी ही जमीन मिळवली. राज्यात असे क्षेत्र साधारण 18,000 हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांधात मानस असते: भरतीच्या वेळी पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला ती उघडतात आणि शेतातले पाणी नदीत जाते. जूनमधल्या पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ विरघळते, ते पाणी मानशीतून बाहेर जाते, आणि मग सरद हंगामात कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात पेरता येते. बांध फुटला तर खारे पाणी थेट शेतात शिरते आणि जमीन पुन्हा लागवडीजोगी व्हायला काळ जातो. पूर्वी ही व्यवस्था गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची जुनी सामुदायिक संस्था, पाहत असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी मोठ्या प्रमाणावर कुळांच्या संघटनांकडे गेली आणि त्यांच्यावर मामलेदाराची देखरेख आली. मानशीवरील मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो, आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी व्हावी अशी अपेक्षा असते.

कल्पना करा की हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी एका परदेशी प्रतिष्ठानाने तिसवाडीतील एका खाजनाचा बांध आणि मानस दुरुस्त करण्यासाठी निधी देऊ केला. करार जानेवारीत व्हायचा, पैसा मार्चमध्ये दिल्लीच्या खात्यात यायचा, आणि पहिल्या वर्षाचा खर्च डिसेंबरपर्यंत संपायचा. कागदावर यात काही वावगे दिसत नाही. पण बांधाचे मातीकाम पावसाआधी, मे संपेपर्यंत उरकावे लागते. मार्चमध्ये पैसा आला, खरेदीची प्रक्रिया एप्रिलभर चालली, तर प्रत्यक्ष काम मेच्या मध्याला सुरू होईल आणि अर्धवट बांधावर जूनचा पाऊस कोसळेल. अर्धा खणलेला बांध मोडक्या बांधापेक्षा धोकादायक असतो. अशा वेळी देणगीदाराचे वेळापत्रक स्वीकारून ‘पाहू, जमवू’ असे म्हणणारा प्रमुख आपल्या कार्यालयाचे आकडे सांभाळतो आणि गावाची शेती पणाला लावतो. पहिले वर्ष सर्वेक्षण, मोजणी आणि साहित्य जमवण्यात जाईल, मातीकाम दुसऱ्या वर्षी डिसेंबर ते एप्रिलमध्ये होईल, आणि त्यामुळे पहिल्या वर्षीचा खर्च कमी दिसेल, हे आधीच लेखी मान्य करून घेणे हा खरा उपाय आहे. देणगीदाराला ‘खर्च न झालेला निधी’ दिसला की तो अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता आधीच दूर करावी लागते.

त्यानंतर खरेदीचे नियम येतात. ठराविक रकमेवरील प्रत्येक कामासाठी तीन दरपत्रके घ्यावीत असा बहुतेक संस्थांचा नियम असतो, आणि भ्रष्टाचार टाळण्यासाठी तो योग्यच आहे. पण बांधासाठी चिखल कुठून काढायचा, त्याचे थर कसे रचायचे, पाण्याच्या बाजूला जांभ्या दगडाची पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, कुठे हवी, हे जाणणारा गट गावात एकच असतो, आणि त्यातले बरेच जण साठीच्या पुढचे असतात. तीन दरपत्रकांच्या हट्टापायी शहरातला कंत्राटदार यंत्र घेऊन आला तर काम लवकर होईल, पण बांध टिकेलच याची हमी नाही. अनुभवी देश कार्यालय इथे नियम मोडत नाही. ते काम सुरू होण्यापूर्वीच एक टिपण तयार करते: हे कौशल्य कोणाकडे आहे, दुसरा पर्याय का नाही, मजुरीचा दर सरकारी दराशी कसा जुळतो, मोजमाप वहीत कोण नोंद करणार, मस्टरवर कोणाच्या सह्या आणि अंगठे असणार, मजुरी थेट बँक खात्यात कशी जाणार. हे टिपण लेखापरीक्षकापुढे दोन वर्षांनी जाते, पण त्याचे महत्त्व कामाच्या आदल्या महिन्यातच ओळखावे लागते. गावातील बैठक कोकणीत होते, इतिवृत्त मराठीत लिहिले जाते आणि अहवाल इंग्रजीत जातो. या प्रवासात शेतकऱ्याचा आक्षेप गळून पडणार नाही हे पाहणे हेही प्रमुखाच्या जबाबदारीत येते.

सर्वांत अवघड भाग मात्र मानशीच्या दारांशी आहे. मानशीवर मासेमारीचा हक्क घेतलेल्या माणसाला खारे पाणी आत आलेले हवे असते, कारण त्याबरोबर मासे आणि कोळंबी येते. भात पेरणाऱ्याला तेच पाणी नको असते. अनेक गावांत हा तंटा जुना आहे, आणि परदेशी निधीतून नवीन दारे बसवली म्हणून तो मिटत नाही. दारे कोणत्या महिन्यांत बंद राहतील, चावी कोणाकडे असेल, लिलावाच्या रकमेतला किती भाग बांधाच्या देखभालीसाठी वेगळा ठेवला जाईल, हे कुळांची संघटना, हक्कधारक आणि मामलेदार कार्यालय यांच्यात लेखी ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देणगीदाराच्या तक्त्यात ‘किती हेक्टर जमीन संरक्षित झाली’ असा रकाना असतो, आणि दारे बसवताच तो भरता येतो. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे जुलैमध्ये त्या जमिनीत मीठ किती उरले आणि भात उभे राहिले का, त्या तक्त्यात नसतो. तो रकाना घालून घ्यायचा आग्रह सही करण्यापूर्वीच धरावा लागतो.

ही उदाहरणे गोव्याची असली तरी रचना सगळीकडे तीच असते. ओडिशातील तलाव, झारखंडातील लाखेची शेती किंवा केनियातील मक्याचे बियाणे, सर्वत्र पैशाचे वेळापत्रक आणि मातीचे वेळापत्रक वेगळे असते, आणि त्या दोहोंत ओढाताण सोसणारी जागा देश कार्यालयाची असते.

माणसांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कोणत्याही कार्यालयाला 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते. पण ग्रामविकासात त्याहून मोठा प्रश्न गावातील लोकांचा असतो: मदत वाटणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात गरजू माणसावर सत्ता असते. हैतीमधील भूकंपानंतर मदतकार्यासाठी गेलेल्या ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचे गैरवर्तन 2018 मध्ये उघड झाले, आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक मोठ्या देणगीदाराने तक्रार-व्यवस्थेबाबत कडक अटी घातल्या. गावातील एखाद्या बाईने तक्रार कुठे, कोणत्या भाषेत आणि कोणामार्फत करावी, हे तिला ठाऊक असेल अशी व्यवस्था उभी करणे याला कोणताही पर्याय नाही.

एकाच देणगीदारावर विसंबण्याचा धोका 2025 मध्ये साऱ्या जगाने पाहिला. 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवसांसाठी गोठवली, मार्चमध्ये यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचे 83 टक्के कार्यक्रम रद्द करत असल्याचे परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले, आणि 1 जुलैला त्या संस्थेचे कामकाज औपचारिकपणे थांबले. अनेक देशांत अशा निधीवर चालणारी कार्यालये आठवड्याभरात कामकाज थांबवण्याच्या आदेशांना तोंड देत होती. कर्मचाऱ्यांचे पगार, गोदामातील धान्य, अर्धवट विहिरी, सगळेच अधांतरी राहिले. काही महिन्यांचा खर्च भागेल एवढा राखीव निधी असलेली आणि दोन-तीन प्रकारचे देणगीदार असलेली कार्यालये किमान माणसांना नीट निरोप देऊ शकली. राखीव निधी उभा करायला मुक्त पैसा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे सामान्य देणगीदारांशी पत्रव्यवहार करावा लागतो. हे काम कंटाळवाणे वाटते आणि त्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून पुढे ढकलले जाते.

या पदाकडे पाहणाऱ्या कोणाही गोमंतकीय तरुणाने किंवा तरुणीने मुलाखतीच्या वेळी काही गोष्टी स्वतःहून विचाराव्यात. गेल्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षकांचे शेरे पाहायला मागावेत. एफसीआरए नोंदणीची मुदत कधी संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज कोणी करायचा आहे हे विचारावे. बँक खात्यावर कोणाच्या सह्या चालतात, मंडळ वर्षात किती वेळा भेटते, मुख्यालय आणि मंडळ यांच्यात मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे लेखी असल्याची खात्री करावी. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या किती जवळ पोहोचला आहे आणि राखीव निधी किती महिन्यांचा आहे, हेही विचारावे. आणि शेवटी, या कार्यालयाने आजवर कोणता निधी नाकारला आणि का, हा प्रश्न जरूर विचारावा. त्याचे उत्तर देताना समोरची माणसे एखाद्या गावाचे नाव आणि तिथली अडचण सांगू शकली, तर ते कार्यालय नोकरी करण्याजोगे आहे.